नायट्रसचा तक्ता परदेशातला, ऊन मुंबईचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींच्या बातम्यांत 'नायट्रोजनचा सिलिंडर बसवलेली गाडी' असे शब्द वारंवार छापून येतात. तो नायट्रोजन नसतो, आणि ज्वालाग्राही वायूही नसतो. तो नायट्रस ऑक्साइड असतो, भूल देताना वापरतात तोच. स्वतः न पेटणारा, पण दुसऱ्याला पेटायला मदत करणारा. हा फरक शब्दांपुरता नाही. 'हे एक जास्तीचे इंधन आहे' असे समजून गॅरेजात कामाला हात घातला जातो, आणि मग पिस्टन वितळतात. पावसाळा सरला की मुंबईतल्या गाड्या ड्रॅगच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावर ४०२ मीटर धावण्याच्या, स्पर्धांसाठी तयार होऊ लागतात. त्याआधी चार नेमक्या गोष्टी मराठीत छापल्या जाव्यात म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण यातला निम्मा भाग गाळला तर उरलेला निम्मा धोक्याचा ठरेल.

आधी मूळ हिशेब. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. इंजिनात शिरल्यावर साधारण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे नायट्रसचा रेणू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय द्रवरूपातून बाहेर पडताना तो उणे ८८ अंशांवर उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि घट्ट होते. म्हणजे ताकद नायट्रस देत नाही, त्याच्यासोबत जाळलेले जादा पेट्रोल देते. नायट्रसचे काम फक्त ते पेट्रोल जाळण्याइतका ऑक्सिजन पुरवण्याचे. पेट्रोल कमी पडले तर मोकळा ऑक्सिजन पिस्टनच्या ॲल्युमिनियमवर उठतो. म्हणूनच नायट्रसचे ट्यूनिंग हे खरे तर इंधनाचे ट्यूनिंग आहे.

आता मुंबईचा प्रश्न. बाजारात मिळणारे नायट्रसचे किट अमेरिकेतले असते किंवा त्याची नक्कल असते. त्याच्यासोबतच्या कागदावर जेटचा, म्हणजे नायट्रस आणि पेट्रोल मापाने सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्यांचा, तक्ता असतो, आणि बाटलीचा दाब ९०० ते ९५० पीएसआय ठेवा, दाब कमी असेल तर हीटर लावा, अशी सूचना असते. तिकडच्या थंडीत ती बरोबर आहे. बाटलीत द्रव नायट्रस असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५० बार (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय), ३० अंशांना ६३ आणि ३५ अंशांना ७० बार. आणि ३६.४ अंश हे नायट्रसचे क्रांतिक तापमान. त्याच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, बाटलीच्या तळाशी उपसायला द्रव राहत नाही. मुंबईत एप्रिल-मेच्या दुपारी सावलीतला पारा ३३-३४ अंशांवर असतो, आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीची डिकी ५० च्या पुढे सहज जाते. म्हणजे आपल्याकडे बाटली जवळजवळ कायम या सीमारेषेवर असते. हीटर लावण्याचा प्रश्नच येत नाही, ती थंड कशी ठेवायची हा प्रश्न आहे.

सीमा ओलांडली की काय होते ते नीट समजून घ्यावे, कारण इथेच सर्वांत जास्त इंजिने जातात. गेजवर दाब वाढलेला दिसतो, त्यामुळे नायट्रस जास्त जात आहे असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. भरलेल्या बाटलीत मालाची घनता बरी असते, पण बऱ्याच रननंतर अर्ध्या झालेल्या बाटलीत तोच माल पूर्ण जागेत पसरतो आणि घनता निम्म्यावर येते. जेटमधून जाणारे वजन घटते. पेट्रोलचा जेट मात्र तोच असतो. मिश्रण रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त होते, गाडी अडखळते, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो. मेकॅनिक साहजिकच पेट्रोलचा जेट एक नंबर लहान करतो आणि गाडी सुरेख धावू लागते. मग संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली २८ अंशांवर येते, तिच्यात पुन्हा दाट द्रव असतो, पूर्ण वजनाचा नायट्रस आत जातो आणि पेट्रोल मात्र दुपारच्या हिशेबाने. तिसऱ्या गिअरमध्ये पिस्टनला भोक पडते. दोष किटला दिला जातो, कधी पेट्रोलपंपाला. चूक दुपारच्या ट्यूनिंगची असते.

म्हणून मुंबईसाठी आमचे सांगणे असे: बाटली २७ ते ३० अंशांच्या दरम्यान, म्हणजे गेजवर साधारण ८५० ते ९०० पीएसआय, आणि प्रत्येक रन त्याच आकड्यावर. बाटलीला थर्मामीटरची पट्टी चिकटवा, फक्त दाबाच्या गेजवर विसंबू नका. ती डिकीत बसवण्याआधी सावलीत ठेवा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, गरज पडली तर मासळीच्या पेटीत भरतात तसा बर्फाचा चुरा बाजूने लावा आणि २७ अंश दिसले की काढा. डिकीला पांढरे कापड, काचा खाली. दोन रनमध्ये बाटलीचा व्हॉल्व्ह बंद. आणि दुपारी बारा ते चार या वेळात जेट बदलू नका.

हाच तक्ता घेऊन घाट चढलात की चित्र पालटते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही ड्रॅगची स्पर्धा झालेली आहे. तशा ठिकाणी डिसेंबरच्या पहाटे १५ अंश असले तर बाटलीत ४५ बारच असतात. शिवाय सहाशे-सातशे मीटर उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची स्वतःची ताकद सात-आठ टक्के कमी. नायट्रसला उंचीचा फरक पडत नाही. अशा वेळी हीटर हवा, पण दाबाच्या स्विचने आपोआप बंद होणारा. तो नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके पुरते. गॅसचा बर्नर किंवा ब्लो लॅम्प बाटलीला लावणे म्हणजे आत्महत्या आहे. बाटलीच्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेने जाते, आणि दाब वाढल्यावर आधी फुटून वायू बाहेर सोडणारी सेफ्टी डिस्क फुटण्याची वाट न पाहता बाटली स्वतःच फुटते.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. परदेशी तक्ते साध्या पेट्रोलवर बेतलेले असतात. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. साध्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे ९.६ किलो नायट्रस लागतो, इथेनॉलच्या एका किलोला फक्त ५.७ किलो. म्हणजे ई-२० च्या एका किलोला साधारण ८.८ किलो. सरळ अर्थ असा की तितक्याच नायट्रसला इंधन नऊ टक्के जास्त द्यावे लागते. तक्त्याप्रमाणे जेट बसवला तर गाडी पहिल्याच रनला ठरवल्यापेक्षा लीन असते, म्हणजे पेट्रोल कमी पडते. जेटमधला प्रवाह त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो, त्यामुळे नऊ टक्क्यांसाठी व्यास सव्वाचार-साडेचार टक्के वाढवायचा. तक्त्यात पेट्रोलचा जेट २४ असेल, म्हणजे इंचाचे २४ हजारांश, तर २५ लावा. पेट्रोलचा दाब वाढवून हे साधायचे तर तो तीन बारवरून जवळजवळ ३.६ वर न्यावा लागेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत रेग्युलेटर टाकीतल्या पंपाजवळ असतो, तो हलवता येत नाही. म्हणून जेटच बदला. घरी ड्रिलने भोक मोठे करू नका, आत राहिलेली बारीकशी कूसही प्रवाह बिघडवते. फ्युएल सोलेनॉइडचे (पेट्रोल सोडणाऱ्या, विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचे) सील इथेनॉल सहन करणारे आहे का हेही पाहा, नाहीतर ते फुगून अडकते आणि नायट्रस एकटाच आत जातो.

१०० ऑक्टेनचे पेट्रोल मुंबईत मिळते. ड्रॅगच्या दिवशी तेच भरा, पण ते भरले म्हणून टायमिंग मागे घेण्याची गरज टळते असे समजू नका. नायट्रसमुळे ज्वाला वेगाने पसरते, त्यामुळे ठिणगी उशिरा हवी. दर ५० हॉर्सपॉवरच्या शॉटला, म्हणजे नायट्रसने मिळणाऱ्या जादा ताकदीला, दोन अंश मागे, हा सुरुवातीचा ठोकताळा. आजच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर फिरवता येत नाही, त्यामुळे हे ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) वेगळ्या मॅपने किंवा पिगीबॅकने (त्याला जोडलेल्या जादा यंत्राने) करावे लागते. नॉक सेन्सर सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका, तो ठोका ऐकल्यानंतर जागा होतो.

शॉट किती, याबद्दल इथल्या बाजारात मोठा गैरसमज आहे. आपल्याकडची इंजिने १.२ ते १.६ लिटरची, कास्ट पिस्टनची. न उघडलेल्या इंजिनाला २५ ते ३५ हॉर्सपॉवर, त्यापलीकडे नाही. ५० लावायचे असतील तर इंजिन उघडून पिस्टनच्या वरच्या रिंगचे तोंड वाढवावे लागते. ७५ मिलिमीटर बोअरला एरवी ०.३० मिलिमीटरच्या आसपास फट असते. नायट्रसला ०.४५ ते ०.५३ हवी. उष्णतेने रिंग लांबते, दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, रिंगला जायला जागा उरत नाही आणि पिस्टनची वरची कड तुटून निघते. पुष्कळदा याला 'डेटोनेशन झाले', म्हणजे मिश्रण स्फोटासारखे आपोआप पेटले, म्हणून टाकतात. पिस्टन हातात घेऊन रिंगची टोके पाहिली तर ती घासून चकचकीत झालेली सापडतात.

शॉट कधी सुरू करायचा हेही तितकेच महत्त्वाचे. नायट्रस ताकद ठरावीक देतो, त्यामुळे कमी आरपीएमला टॉर्क प्रचंड येतो. ५० हॉर्सपॉवर म्हणजे ६००० आरपीएमला ५९ न्यूटन-मीटर, पण ३००० आरपीएमला ११९. दीड लिटरच्या इंजिनाचा मुळातला टॉर्क १४०-१४५ च्या घरात असतो, म्हणजे तो एका झटक्यात जवळजवळ दुप्पट होतो. कनेक्टिंग रॉड वाकतात ते याच टप्प्यात, वरच्या आरपीएमला नाही. म्हणून विंडो स्विच लावा: छोट्या इंजिनाला ३५०० च्या खाली चालू नाही आणि रेव्ह लिमिटरच्या ४००-५०० आधी बंद. लिमिटर बहुतेक गाड्यांत पेट्रोल तोडतो. त्या क्षणी नायट्रस चालू असेल तर इनटेक मॅनिफोल्डच (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) उडतो, आणि आताचे मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचे असतात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच चालणारा दुसरा स्विच आणि पेट्रोलचा दाब पडल्यास नायट्रस तोडणारा तिसरा, हे तीनही एकाच मालिकेत जोडा. सोलेनॉइड दहा अँपिअरच्या वर खेचते, ते बटणावरून थेट चालवू नका. ३० अँपिअरचा रिले आणि त्याला फ्यूज. इथल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. पेट्रोलच्या सोलेनॉइडची पिन गंजली तर ते उशिरा उघडते, आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर पुरेसा असतो. पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर सगळे कनेक्टर उघडून पाहा.

प्लग एक किंवा दोन नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे. इथे एक गोंधळ हमखास होतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. ब्रँड बदलताना सहाचा सात करून उलट प्लग गरम केलेली गाडी स्ट्रिपवर येते. प्लगची फट ०.८ ते ०.९ मिलिमीटर, कारण दाट मिश्रणात ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि मोठ्या फटीत ती विझते. पुढे फार बाहेर आलेल्या टोकाचे प्लग घेऊ नका, ते टोक निखारा होते.

नळ्या जोडताना फ्लेअरच्या, म्हणजे निमुळत्या तोंडाने घट्ट बसणाऱ्या, जोडाला टेफ्लॉन टेप अजिबात नको. कुर्ल्याच्या किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानातून टेपचे बंडल सवयीने घेतले जाते. टेपचा एक धागा सुटला तरी तो सोलेनॉइडच्या सीटवर बसतो आणि ते पूर्ण मिटत नाही. पाइपाच्या आट्यांना पेस्ट सीलंट, फ्लेअरला काहीच नाही. ग्रीस किंवा तेल कुठेही नको. बाटली डिकीत व्हॉल्व्ह पुढे आणि थोडा वर, लेबल आकाशाकडे, साधारण १५ अंशांच्या कलात. गाडी पुढे झेपावताना द्रव मागे जातो आणि आतल्या नळीचे टोकही मागेच खाली असते. उलटी बसवली तर नळी वायू ओढते. सेफ्टी डिस्कला जोडलेली नळी डिकीच्या बाहेर, गाडीखाली सोडा. ती नसेल आणि डिस्क फुटली तर काही क्षणांत केबिनमधली हवा संपते, आणि डोळ्यांसमोर पांढरे धुके. साधारण ३००० पीएसआयला फुटणारी डिस्क काढून तिथे बोल्ट ठोकलेल्या बाटल्या बाजारात आहेत. अशी बाटली विकत घेऊ नका आणि कुणाला विकू देऊ नका.

पहिल्यांदा चालू करण्याआधी तीन चाचण्या. बाटली बंद ठेवून नायट्रसचे सोलेनॉइड द्या: इंजिनात काही फरक पडता कामा नये. फक्त पेट्रोलचे सोलेनॉइड आयडलवर क्षणभर द्या: इंजिन गुदमरले पाहिजे, नाही गुदमरले तर पेट्रोल जातच नाही. मग बाटली सावकाश उघडा, दोन्ही सोलेनॉइड बंदच. आयडल चढले तर नायट्रसचे सोलेनॉइड गळते आहे. तिसरी चाचणी घाईत टाळली जाते. गळणारा नायट्रस मॅनिफोल्डमध्ये साठून स्टार्टर मारताच भडकतो.

रनमध्ये वाइडबँडवर, म्हणजे एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या गेजवर, लॅम्ब्डा ०.८० च्या आसपास ठेवा (१ म्हणजे नेमके मिश्रण, त्याखाली रिच). ई-२० वर एअर-फ्युएलचा आकडा वाचत बसू नका, गेज तो साध्या पेट्रोलच्या पट्टीवर दाखवतो. प्लग मिसफायर झाला तरी गेज लीन दाखवते, म्हणून अंतिम शब्द प्लगचा. शेवटच्या रेषेवर क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, गाडी ढकलत आणा आणि प्लग काढा. गाडी चालवत परत आणली तर आयडलची काजळी सगळे झाकून टाकते. पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर डेटोनेशन आहे, पुढचा रन नाही. प्लगच्या बाहेरच्या वाकलेल्या पट्टीवरची उष्णतेची रेघ वळणाच्या जागी हवी. ती आट्यांकडे सरकली असेल तर टायमिंग अजून एक-दोन अंश मागे घ्या.

भरण्याबद्दल. बाटली नेहमी वजनाने भरायची, दाबाने नाही. साडेचार किलो नायट्रसची बाटली काट्यावर ठेवून रिकामे वजन नोंदवायचे, त्यावर साडेचार किलो वाढले की थांबायचे. जास्त भरलेली बाटली सकाळी गप्प असते आणि दुपारी डिस्क फोडते. ३० हॉर्सपॉवरला दहा सेकंदांत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातो, तेव्हा बाटली बराच काळ पुरते, हपापून भरण्याची गरज नसते. रुग्णालयाच्या निळ्या सिलिंडरमधून चोरून भरणे हा सरळ गुन्हा आहे, आणि तो माल ऑपरेशन टेबलावरच्या रुग्णाचा आहे. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे मान्यता नसलेला सिलिंडर भरता किंवा बाळगता येत नाही, आणि ती मान्यता नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटके आणि दाबाचे सिलिंडर यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) लागते. किट मागवण्याआधी बाटलीचा हा प्रश्न सोडवा.

आणि हे सारे स्ट्रिपपुरते, ट्रेलरवरून नेलेल्या गाडीसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली गाडीतला बेकायदा बदल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्हींचा आहे, कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावणे वेगळे. पण पोलिसांचा धाक सोडला तरी सी-लिंकवर किंवा पाम बीच रोडवर वरची एकही गोष्ट करता येत नाही. प्लग पाहायला इंजिन कुठे बंद करणार? ४०२ मीटरनंतर थांबायला निदान तेवढाच मोकळा डांबरी पट्टा कुठे मिळणार? मुंबईला कायमची ड्रॅग स्ट्रिप नाही. महानगर प्रदेशात वापरात नसलेल्या एखाद्या धावपट्टीवर महिन्यातून एक रविवार, अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका आणि तपासणी करणारा माणूस, एवढी सोय शासनाने क्लबांना करून द्यावी ही आमची मागणी आहे. आपल्या वृत्तपत्राने ती लावून धरावी.

परत निघताना बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला उरलेला नायट्रस पर्जच्या (नळी रिकामी करण्याच्या) व्हॉल्व्हने बाहेर सोडा, हातमोजे घालून, कारण त्या फवाऱ्याने त्वचा जळते. मग बाटली डिकीतून काढून उघड्या टेम्पोत, सावलीला, पट्ट्याने बांधून आणा. एक्स्प्रेसवेच्या फूडमॉलवर जेवायला थांबलात तर ती उन्हात बंद गाडीत सोडून जाऊ नका.

आपले,
इंजिन ट्यूनिंगचे काम करणारे काही मेकॅनिक
कुर्ला, मुंबई